टर्मिनलचे मूळ रंग: अक्षर, पार्श्वभूमी आणि वाचणारा डोळा

संगणकाशी केवळ अक्षरांच्या द्वारे व्यवहार करण्याचे जे साधन, ज्याला आपण टर्मिनल म्हणतो, ते प्रथम उघडले जाते तेव्हा त्यावर एकही आज्ञा उमटण्यापूर्वी दोन गोष्टींचा निकाल लागून गेलेला असतो: अक्षरे कोणत्या रंगाची दिसावीत, आणि ती कोणत्या रंगाच्या पार्श्वभूमीवर उमटावीत. वापरणाऱ्याने काही न सांगितल्यास आपोआप लागू होणाऱ्या या जोडीला संगणकाच्या परिभाषेत डिफॉल्ट रंग म्हणतात. या प्रकरणात आपण त्यांना मूळ रंग म्हणू. ते बदलण्याची मुभा बहुधा असतेच. परंतु बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या धारूरसारख्या तालुक्याच्या गावी, बँकेच्या खिडकीमागे, विद्यालयाच्या संगणककक्षात किंवा पुण्यातील एखाद्या कंपनीचे काम घरी बसून करणाऱ्या तरुणाच्या खोलीत, जो मनुष्य दिवसाचे कित्येक तास त्या पडद्याकडे पाहत बसतो, त्याने ती मुभा क्वचितच वापरलेली असते. कारण यंत्र जसे हाती आले तसेच चालवावयाचे ही सर्वसामान्य रीत आहे, आणि पुष्कळदा ते यंत्र त्याच्या मालकीचेही नसते. अर्थात मूळ रंग ठरविणारा मनुष्य, तो कोठेही बसलेला असो, ज्यांना त्याने कधी पाहिले नाही अशा असंख्य डोळ्यांच्या वतीने निर्णय करीत असतो. आणि म्हणूनच ही निवड केवळ अभिरुचीची बाब नसून प्रकाश, डोळा व लिपी या तिन्हींचा विचार करून करावयाची जबाबदारीची बाब आहे, हे प्रस्तुत प्रकरणाचे प्रतिपाद्य आहे.

दफ्तराचा शिरस्ता

धारूरने अनेक राजवटी पाहिल्या. आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ मध्ये येथील किल्ला उभारला. १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेने तो हस्तगत केला. मोगल अंमलात गावास फतेहाबाद हे नाव मिळाले आणि येथे टांकसाळही चालली. पुढे हा मुलूख आसफजाही निजामांकडे गेला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाची राजवट संपेपर्यंत त्यांच्याचकडे राहिला. या दीर्घ काळात कचेरीची भाषा आणि लिपी एकसारखी राहिली नाही. कधी फारसी, कधी मोडीतील मराठी, कधी उर्दू असा तिचा पालट होत गेला. परंतु राजवट कोणतीही असो, फिकट कागदावर काजळाच्या काळ्या शाईने लिहावयाचे हा शिरस्ता मात्र अबाधित राहिला. मराठवाड्यातच, खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, हातकागद तयार करणारी वस्ती कित्येक शतके नांदली. आणि तो कागद शुभ्र नसून किंचित पिवळसर झाक असलेला असे, ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

धारूरच्या शेजारच्याच अंबाजोगाईस संतकवी दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) पंचीकरणाचा विषय जिच्यावर ओवीबद्ध लिहिला ती सुप्रसिद्ध पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या वस्त्रावर ग्रंथ लिहिताना लेखनाचे साधन बदलले, आकारमान बदलले. परंतु फिकट पटावर गडद अक्षर हा संबंध तेथेही बदलला नाही. याच्या उलट संबंध आपल्याकडे पाटीवर दिसतो. काळ्या दगडी पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीने अक्षर गिरवूनच महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या साक्षर झाल्या. अर्थात गडद पार्श्वभूमीवरील उजळ अक्षर ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. फरक इतकाच की पाटीवर थोडे आणि ठळक लिहावयाचे व लगेच पुसावयाचे, आणि पुष्कळ, बारीक व टिकाऊ लिहावयाचे झाल्यास कागद घ्यावयाचा, अशी वाटणी व्यवहारानेच करून दिलेली होती.

कागद आणि पाटी या दोहोंत एक मोठा गुण समान आहे, आणि तो नेमका पडद्यात नाही. कागद स्वतः प्रकाश देत नाही. खिडकीतून वा दिव्यातून येणाऱ्या प्रकाशाचा मोठा अंश तो परत पाठवितो आणि शाई त्यातील अगदी अल्प अंश परत पाठविते. त्यामुळे भर दुपारच्या उन्हात कागद बाहेर नेला किंवा रात्री कंदिलाजवळ धरला, तरी कागद व शाई यांच्या उजळपणाचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ तेच राहते. पडदा मात्र आपला प्रकाश आपण देतो, आणि खोलीतील प्रकाश त्याच्या काचेवरून परावर्तित होऊन अक्षर व पार्श्वभूमी या दोहोंवर सारखाच चढतो. म्हणून खोली जितकी उजळ तितका या दोहोंमधील भेद पुसट होत जातो. कागदाच्या दफ्तराला जी चिंता कधी करावी लागली नाही ती टर्मिनलच्या रंगांना करावी लागते, त्याचे मूळ येथे आहे.

काळा पडदा कोठून आला

टर्मिनल म्हटले की काळा पडदा डोळ्यांपुढे येतो. परंतु हा काळेपणा कोणी डोळ्यांच्या सुखासाठी निवडलेला नव्हता. तो ऋणकिरण-नलिकेच्या स्वभावातून आला. या नलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील बाजूस लावलेल्या फॉस्फर नामक लेपावर आदळतो आणि जेथे आदळेल तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. झोत बंद असेल तेथे पडदा काळाच राहतो. अशा साधनाला अक्षरे प्रकाशाने लिहिणे स्वाभाविक, आणि सर्व पडदा उजळून त्यात अक्षरांच्या जागा अंधाऱ्या ठेवणे कष्टाचे. भारतात या साधनाचे एक आरंभीचे उदाहरण मुंबईत दिसते: टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाला आलेख व अक्षरे दाखविणारी अशी एक नलिका जोडलेली होती.

काळ्या पार्श्वभूमीचे दुसरे कारण लुकलुक हे होते. झोत सेकंदाला ५० ते ६० वेळा पडदा पुन्हा पुन्हा रेखाटतो. दोन रेखाटनांच्या मध्ये फॉस्फरचा उजेड थोडा मंदावतो. आणि पडद्याचा उजळ भाग जितका मोठा व प्रखर तितकी ही मंदावण्याची क्रिया डोळ्याला अधिक जाणवते. मोजकी उजळ अक्षरे असलेला काळा पडदा स्थिर भासे, तोच पडदा सबंध पांढरा केल्यास थरथरू लागे. आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकाबरोबर मिळणाऱ्या ५१५१ या एकरंगी पडद्यात यावर तोडगा म्हणून दीर्घकाळ तेवणारा हिरवा फॉस्फर वापरला होता. लुकलुक थांबली, परंतु मजकूर वर सरकला की त्याची हिरवी छाया क्षणभर मागे रेंगाळत राही. हिरव्याची निवडही सहेतुक होती: उजेडात मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून तेवढ्याच शक्तीत हिरवे अक्षर अधिक ठसठशीत दिसे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे १९८३ चे व्हीटी-२२० हे टर्मिनल पांढऱ्या, हिरव्या आणि अंबर, म्हणजे नारिंगी पिवळ्या, अशा तीन फॉस्फरांत मिळे. रंग एकदा ठरला की तो काचेच्या आत कायमचा मुक्रर होई. मात्र त्याच कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलात सबंध पडदा उलटविण्याची, म्हणजे उजळ पार्श्वभूमीवर काळी अक्षरे आणण्याची, तरतूद होती. आणि झेरॉक्स कंपनीच्या १९७३ च्या आल्टो या प्रायोगिक संगणकाने पडदा कागदासारखा पांढरा ठेवून त्यावर काळी अक्षरे उमटवून दाखविली होती. कागदाचा शिरस्ता आणि नलिकेचा स्वभाव यांचा झगडा त्या काळापासूनच चालू आहे.

आज नलिका गेली आहे. सपाट पडद्यात लुकलुकीची ती अडचण उरलेली नाही आणि पांढरी पार्श्वभूमी काळीइतकीच सहज मिळते. म्हणजे ज्या कारणांनी काळा पडदा रूढ झाला ती कारणे संपली, रूढी तेवढी उरली. आणि कोणत्याही उरलेल्या रूढीप्रमाणे तिचीही नव्याने तपासणी होणे अगत्याचे आहे.

आठ रंगांचा करार

रंगीत पडदे आल्यावर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. टर्मिनलला कोणत्या सांकेतिक आज्ञा कळाव्यात याचे अमेरिकी मानक १९७९ मध्ये निघाले, आणि त्या परंपरेतून आठ रंगांची एक यादी रूढ झाली: काळा, तांबडा, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी आणि पांढरा. एस्केप या चिन्हामागून ३० ते ३७ यांपैकी एक अंक पाठविला की अक्षराचा रंग बदलतो, ४० ते ४७ यांपैकी एक पाठविला की पार्श्वभूमीचा बदलतो, आणि ३९ व ४९ हे अंक अनुक्रमे मूळ अक्षररंग व मूळ पार्श्वभूमी परत आणतात. या कराराचा विशेष असा की त्यात रंगाचे नाव सांगितलेले आहे, छटा सांगितलेली नाही. तांबडा म्हणजे नेमका किती तांबडा हे प्रत्येक टर्मिनल आपापल्या परीने ठरविते. आयबीएमच्या १९८३ च्या रंगीत पडद्यात तर मंद पिवळा हिरवट व मळकट दिसतो म्हणून त्यातील हिरव्याचे प्रमाण मुद्दाम कमी करणारी योजना केली होती, आणि त्यामुळे पिवळ्याच्या जागी विटकरी तपकिरी रंग अवतरला.

नाव आणि छटा यांच्या या फारकतीमुळे काय अनर्थ होतो ते आकड्यांनी पाहता येते. आंतरजालावरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठी २००८ मध्ये ठरविलेल्या मार्गदर्शक नियमांत दोन रंगांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढण्याची रीत दिली आहे: काळे आणि पांढरे यांचे गुणोत्तर २१ येते, सामान्य मजकुरास ते किमान ४.५ असावे, आणि अधिक काटेकोर अपेक्षा असेल तेथे ७ असावे. या रीतीत हिरव्या प्रकाशाचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरला जातो, कारण डोळ्यावर होणारा त्यांचा परिणाम तसाच विषम असतो. आता जुन्या पीसी-परंपरेतील मंद निळा घेतला तर काळ्यावर त्याचे गुणोत्तर अवघे १.६ भरते, म्हणजे मजकूर जवळजवळ अदृश्यच होतो. तोच निळा पांढऱ्यावर १३ हून अधिक भरतो आणि उत्तम वाचता येतो. उलट उजळ पिवळा काळ्यावर १९ च्या पुढे जातो आणि पांढऱ्यावर १.०७ वर येऊन अक्षरशः विरून जातो. विंडोजच्या कन्सोलमधील जुना गडद निळा काळ्यावर १.३ इतकाच भरत असे. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती रंगावली बदलली तेव्हा निळा उजळ करण्यात आला, तरीही तो २.५ च्या आसपासच पोहोचला.

यावर कोणी म्हणेल की प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोन्ही पार्श्वभूमींवर चालेल असा मध्यम रंग निवडावा. परंतु गणित त्यास फारशी जागा देत नाही. शुद्ध काळ्यावर ४.५ आणि शुद्ध पांढऱ्यावरही ४.५ अशी दोन्ही गुणोत्तरे साधावयाची झाल्यास रंगाचा सापेक्ष उजळपणा, शून्य ते एक या मोजपट्टीवर, ०.१७५ ते ०.१८३ या अत्यंत अरुंद पट्ट्यातच असावा लागतो. आणि त्या पट्ट्यात आठ परस्परभिन्न, सहज ओळखू येणारे रंग बसविणे अशक्यप्राय आहे. यावरून दोन नियम निष्पन्न होतात. पहिला, मूळ अक्षररंग आणि मूळ पार्श्वभूमी हे दोन स्वतंत्र निर्णय नसून एकच निर्णय आहे, आणि उरलेल्या रंगांच्या छटाही त्या पार्श्वभूमीस अनुसरूनच ठरविल्या पाहिजेत. दुसरा, जो प्रोग्राम अक्षराचा रंग बदलतो त्याने पार्श्वभूमीही आपणच बदलावी, किंवा दोन्ही टर्मिनलच्या मर्जीवर सोडावीत. एक आपल्या हाती घेऊन दुसरे गृहीत धरू नये. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या टर्मिनलात एखाद्या प्रोग्रामने पांढरे अक्षर उमटविले की मजकूर असतो पण दिसत नाही, आणि वापरणाऱ्यास वाटते की यंत्रच अडले.

डोळ्याचा हिशेब

उजळ पार्श्वभूमी चांगली की गडद, या वादात डोळ्याचे म्हणणे काय आहे? उजळ पार्श्वभूमीकडे पाहताना बाहुली आकुंचन पावते. बाहुली लहान झाली की डोळ्याच्या भिंगातील दोषांचा परिणाम घटतो आणि प्रतिमा अधिक रेखीव पडते. गडद पडद्यापुढे बाहुली विस्तारते आणि ज्यांना दृष्टिवैषम्य आहे त्यांना उजळ अक्षरांभोवती धूसर प्रभा जाणवते. जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उजळ पार्श्वभूमीवरील काळी अक्षरे तरुण आणि वृद्ध या दोन्ही वर्गांना अधिक अचूकपणे वाचता आली. बारीक अक्षर आणि पुष्कळ मजकूर असेल तेथे कागदाचा शिरस्ता डोळ्यालाही मानवतो, असा याचा अर्थ आहे.

तथापि गडद पार्श्वभूमीची बाजू पोकळ नाही. रात्री, विशेषतः वीज गेल्यावर अंधाऱ्या खोलीत, पांढरा पडदा डोळ्यांना दिपवितो. मोतीबिंदूसारख्या विकारात डोळ्यात शिरलेला जादा प्रकाश विखुरतो म्हणून अशा कित्येकांना गडद पार्श्वभूमीच सोसते. आणि ज्या ओलेड पडद्यांत प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे प्रकाशतो त्यांत काळ्या भागाला वीज जवळजवळ लागत नाही. मात्र मागून दिवा लावलेल्या साध्या एलसीडी पडद्यात काळ्या रंगाने विशेष बचत होत नाही, कारण मागचा दिवा तसाच जळत राहतो.

भर दिवसाच्या प्रकाशाचा विचार धारूरसारख्या ठिकाणी सर्वांत अगत्याचा आहे. पडदा शुद्ध पांढरा असता २५० एकक प्रकाश देतो आणि खिडकीच्या उजेडामुळे त्याच्या काचेवर २० एककांची भर पडते असे समजा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे अक्षर असल्यास २७० विरुद्ध २० असे, म्हणजे तेरापटीहून अधिक अंतर उरते. तोच पडदा काळा ठेवून त्यावर जुन्या पद्धतीचे करडे अक्षर घेतले तर अक्षर सुमारे १२० आणि पार्श्वभूमी २०, म्हणजे सहापट. आणि मंद निळे अक्षर घेतले तर २७ विरुद्ध २०. ते वाचणे दुरापास्तच. शिवाय खिडकीचे प्रतिबिंब गडद पडद्यावर स्वच्छ दिसते, उजळ पडद्यावर ते बुडून जाते. जेथे टेबल खिडकीशेजारी असते आणि उन्हाळ्यात हवेसाठी ती खिडकी उघडीच ठेवावी लागते, तेथे हा हिशेब अनेक तासांच्या श्रमाशी जोडलेला असतो.

‘धारूर’ ही तीन अक्षरे

येथवरचा विचार जगातील कोणत्याही लिपीस लागू पडणारा आहे. देवनागरीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जुन्या टर्मिनलांची अक्षरजागा रोमन लिपीसाठी मापलेली होती: व्हीटी-१०० मधील अक्षर ७ बाय ९ ठिपक्यांचे, आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या रंगीत पडद्यावरील अक्षराची चौकट ८ बाय ८ ठिपक्यांची. वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये शिरोरेषा व अक्षराचे अंग, आणि खाली उकार किंवा जोडाक्षराचा भाग, असे तीन मजले असलेली लिपी त्या चौकटीत मावणे कठीण होते. हे कार्य मोठ्या जिद्दीने सिद्धीस नेणाऱ्यांत जिस्ट तंत्रज्ञानाचा मान मोठा आहे. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारतीय लिपींच्या टर्मिनलावर जे काम झाले, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेले, आणि त्यातून संगणकात बसवावयाचे जिस्ट कार्ड व भारतीय लिपी दाखविणारी जिस्ट टर्मिनले निघाली. अक्षरांच्या संकेतांचे भारतीय मानक १९९१ मध्ये मुक्रर झाले आणि त्यात अक्षर ठळक, तिरपे, अधोरेखित वा उठावदार करण्याच्या खुणांचीही तरतूद होती.

परंतु अक्षर पडद्यावर उमटणे आणि ते निःसंशय वाचता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर रंग ठरवितात. गडद पार्श्वभूमीवरील उजळ रेषा प्रत्यक्षाहून जाड भासते आणि उजळ पार्श्वभूमीवरील काळी रेषा प्रत्यक्षाहून बारीक भासते. प्रकाशाच्या या पसरण्याचा ऊहापोह हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच केला होता. आता आपल्या गावाचेच नाव घेऊ. ‘ध’ आणि ‘घ’ यांतील मुख्य भेद असा की ‘ध’च्या माथ्यावर शिरोरेषा अखंड नसून डावीकडे तिच्यात खिंड असते, ‘भ’ आणि ‘म’ यांचाही भेद तशाच खिंडीवर अवलंबून असतो. काळ्या पडद्यावर झगझगीत पांढऱ्या अक्षरांत हे नाव लहान आकारात उमटविले की प्रकाश त्या खिंडीत पसरतो, खिंड बुजते, आणि धारूरचे घारूर होते. पांढऱ्या पडद्यावर हाच प्रकाश उलट दिशेने काम करतो: तो चोहोंकडून काळ्या रेषेवर चढतो, खिंड मोकळी राहते, पण बारीक अवयव झिजतात, ‘रू’च्या दीर्घ उकाराचा फाटा ऱ्हस्व उकारासारखा दिसू लागतो आणि अनुस्वाराचा एकुलता एक ठिपका नाहीसा होऊन ‘खंत’चे ‘खत’ होते. जमिनीच्या व्यवहारात, जेथे खत म्हणजे दस्तऐवज आणि नावातील एका अक्षराच्या चुकीपायी माणसाला कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात, तेथे ही बारीकसारीक बाब राहत नाही.

यावरून उपायही सुचतो. गडद पार्श्वभूमी घ्यावयाची तर अक्षराची रेषा थोडी बारीक असावी आणि शुद्ध पांढऱ्याऐवजी मृदू करडा रंग घ्यावा. उजळ पार्श्वभूमी घ्यावयाची तर रेषा थोडी जाड असावी आणि पार्श्वभूमी शुद्ध पांढरी न ठेवता कागजीपुऱ्याच्या कागदासारखी किंचित पिवळसर ठेवावी. अक्षरजाडी तीच ठेवून केवळ रंग उलटविणे देवनागरीस चालत नाही; रोमन अक्षरे त्यातून बहुधा निभावतात, आपली निभावत नाहीत. देवनागरीत अक्षराचा आकारही इंग्रजीहून एक पायरी मोठा ठेवावा लागतो, कारण तेवढ्याच उंचीत तिला तीन मजले सामावून घ्यावयाचे असतात.

निवड कशी करावी

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दिवसा उजेडाच्या खोलीत काम करणाऱ्यांसाठी, तांबडा २५०, हिरवा २४८ आणि निळा २४० अशा प्रमाणाची फिकट पार्श्वभूमी आणि तिन्ही अंशांत ३० असलेले जवळजवळ काळे अक्षर ही जोडी मूळ म्हणून ठेवण्यास योग्य वाटते. तिचे गुणोत्तर सुमारे १५.७ भरते, म्हणजे खिडकीच्या उजेडाने काही अंश खाल्ला तरी पुरेसे शिल्लक उरते. रात्रीसाठी दुसरी जोडी तिन्ही अंशांत २८ असलेल्या कोळशासारख्या पार्श्वभूमीची आणि २०८ असलेल्या करड्या अक्षराची असावी; तिचे गुणोत्तर सुमारे ११ येते. दोन्ही जोड्या आगाऊ तयार असाव्यात, एकीतून दुसरीत जाण्यास एकच कळ पुरावी, आणि जोडी बदलली की आठही रंगांच्या छटा आपोआप बदलाव्यात. ईथन स्कूनोव्हर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली सोलराइज्ड ही रंगावली याच तत्त्वावर रचलेली होती: सोळा रंगांचा एकच संच, उजळ व गडद दोन्ही पार्श्वभूमींवर परस्परसंबंध टिकवील असा. तिने उजळपणातील तीव्र विरोध मुद्दाम टाळला आहे. उजेडाने भरलेल्या खोलीसाठी मात्र त्याहून अधिक विरोध ठेवणे मला इष्ट वाटते.

निळ्याची विशेष काळजी घ्यावी. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जेथे आपण बारीक अक्षर वाचतो, निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे शंकू जवळजवळ नसतातच. म्हणून गडद पार्श्वभूमीवर निळ्यात पुरेसा हिरवा मिसळून तो आकाशीकडे झुकवावा. तसेच तांबडा आणि हिरवा यांत भेद न कळणारे लोक, आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांहून पुष्कळ अधिक असते, प्रत्येक कचेरीत असू शकतात. म्हणून जो अर्थ सांगावयाचा तो केवळ रंगावर सोपवू नये. याबाबतीत आपला सातबारा एक उत्तम धडा देतो: ज्या खातेदाराचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस करावयाचा आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहावयाचा, ही तलाठी दफ्तराची जुनी पद्धत आहे. कंस काळ्या शाईत दिसतो, झेरॉक्समध्ये दिसतो, शाई फिकी पडली तरी दिसतो, आणि रंग न ओळखणाऱ्यालाही दिसतो. प्रोग्रामांतील दोन मसुद्यांची तुलना दाखविताना काढलेली ओळ तांबडी व घातलेली ओळ हिरवी करतात, परंतु त्यांच्या आरंभी उणे आणि अधिक ही चिन्हेही ठेवतात, हे त्याच शहाणपणाचे उदाहरण होय. रंगाने खूण ठळक करावी. खुणेची जागा घेऊ नये.

निवडीची परीक्षा कोणालाही घेता येईल इतकी सोपी आहे. टर्मिनलात ध आणि घ, भ आणि म, ऱ्हस्व व दीर्घ उकार, अनुस्वार आणि रफार असलेले शब्द आठही रंगांत एकाखाली एक उमटवावेत. ते एकदा दुपारी खिडकी उघडी ठेवून आणि एकदा रात्री दिवे मालवून वाचावेत. आणि वाचणाऱ्यांत एक चाळिशी ओलांडलेला, चष्मा लावणारा मनुष्य अवश्य असावा, कारण रंग ठरविणारे बहुधा तरुण असतात आणि त्यांच्या डोळ्यांना जे सहज जमते त्यावरून इतरांच्या कष्टांचा अंदाज लागत नाही. जेथे वाचणारा अडखळला ती छटा बदलावी आणि पुन्हा वाचून घ्यावे.

मूळ रंग बदलण्यास एक पैसाही लागत नाही, आणि तरीही ते बदलले जात नाहीत, कारण ते कोणाचेच काम मानलेले नाही. शाळा, बँका आणि सरकारी कचेऱ्या संगणक घेताना निविदेत प्रोसेसर, स्मृती आणि पडद्याचा आकार यांची कलमे काटेकोरपणे लिहितात. त्यांच्याच बरोबरीने, यंत्र ज्या रंगांत हाती येईल त्याच रंगांत, दिवसाच्या उजेडात, मराठी मजकूर निःसंशय वाचता आला पाहिजे असे एक कलम घालावे आणि यंत्र स्वीकारण्यापूर्वी वरील परीक्षा तेथे काम करणाऱ्या माणसाकडूनच करवून घ्यावी. ज्याला ते रंग दिवसभर पाहावयाचे आहेत त्याच्या डोळ्यांची साक्ष या प्रकरणी अखेरची मानली गेली पाहिजे.